पिशवी काढण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात तो मला रोज दवाखान्यात ऐकू येणाऱ्या प्रश्नासारखाच वाटला. तुम्ही ३७ वर्षांच्या आहात, दोन मुले मोठी झाली आहेत, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया होऊन बारा वर्षे लोटली आहेत. दोन वर्षांपासून पाळीत जास्त जाते, गाठी पडतात, अंगावरून पांढरे जाते आणि कंबर सतत दुखते. सोनोग्राफीत ‘पिशवीला’, म्हणजे गर्भाशयाला, ‘सूज’ आली, आणि डॉक्टरांनी ‘पुढे कॅन्सर होण्यापेक्षा पिशवी काढून टाका’ असे सांगितले. सासूबाई आणि थोरल्या जाऊबाई यांचीही पिशवी काढलेली आहे, त्यामुळे घरात कोणाला त्यात विशेष वाटत नाही. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी तुमच्या शेवटच्या ओळीवर थांबले. ‘संबंधांच्या वेळी खूप दुखते, पिशवी काढल्यावर ते तरी थांबेल का,’ असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे, आणि तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी तेवढेच विचारलेले नाही.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि गेली २६ वर्षे तालुक्याच्या ठिकाणी काम करते. पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया मी स्वतः करते, त्यामुळे त्या शस्त्रक्रियेविरुद्ध माझ्या मनात काही नाही. मात्र न तपासता ‘काढा’ किंवा ‘काढू नका’ असे सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल. तुमचे हिमोग्लोबिन किती आहे, सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये नेमके काय लिहिले आहे, गर्भाशयमुखाची तपासणी झाली आहे का, यांपैकी काहीही मला माहीत नाही, आणि पुढचा निर्णय बराचसा याच गोष्टींवर अवलंबून आहे. मला येथे एवढेच करता येईल की, अशा तक्रारी घेऊन एखादी बाई माझ्यासमोर बसते तेव्हा मी कोणत्या क्रमाने विचार करते आणि का, हे तुम्हाला सांगावे.

तुमच्या चार तक्रारी आहेत आणि चौघींचे खापर एकाच अवयवावर फुटले आहे. जास्त रक्तस्राव, पांढरे जाणे, कंबरदुखी आणि संबंधांच्या वेळचे दुखणे या चारही गोष्टींचे कारण कधीकधी खरोखर एकच असते. बहुतेक वेळा मात्र कारणे वेगवेगळी असतात आणि त्यांतील निम्म्यांचा गर्भाशयाशी संबंधही नसतो. म्हणून मी प्रत्येक तक्रार सुटी करून तपासते. त्यातही ‘पिशवीला सूज’ हा शब्द मी आधी बाजूला ठेवते, कारण तो रोगाचे नाव नाही. सोनोग्राफीत गर्भाशय किंचित मोठे दिसले तरी सूज म्हणतात, गर्भाशयाच्या तोंडावर लालसर भाग दिसला तरी सूज म्हणतात, आणि ओटीपोटात खरोखर जंतुसंसर्ग झाला तरीही सूजच म्हणतात. दोन बाळंतपणे झालेल्या बाईचे गर्भाशय मूल न झालेल्या मुलीपेक्षा थोडे मोठे असतेच, आणि तोंडावरचा तो लालसर भाग अनेक निरोगी स्त्रियांमध्ये आढळतो. तेव्हा कोणत्या अर्थाने सूज, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

ही गोंधळाची स्थिती तुमच्या एकटीची नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जे मांडले, ते आजही वाचण्यासारखे आहे. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा त्रास होता, एकेका बाईमागे सरासरी ३.६ आजार निघाले, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. याचा अर्थ असा की दुखणी अनेक, साठलेली आणि कोणी न पाहिलेली असतात. अशा साठलेल्या दुखण्यांवर एकच मोठा इलाज पुढे आला की काय होते, ते बीड जिल्ह्याने दाखवले. २०१९ मध्ये शासनाच्या समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणानुसार ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशभरातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे. बीडच्या बायकांची गर्भाशये इतरांपेक्षा निराळी नव्हती. नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे ‘कोयत्याने’, मजुरीची उचल आगाऊ घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर दंड, फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि पाळीतही मोळ्या उचलायच्या, अशा जगण्यात पाळीच अडचण होऊन बसते.

ही बाजू मी मुद्दाम मांडते आहे, कारण पिशवी काढण्याचा आग्रह दर वेळी डॉक्टरांचाच असतो असे नाही. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणी स्वतःच ‘मॅडम, एकदाची सुटका करा’ असे म्हणत येतात. महिन्याचे चार दिवस बाजूला बसावे लागू नये, सणावाराला अडचण येऊ नये, कपड्यांची भीती राहू नये, हे सगळे त्यात असते. आणखी एक कारण मला उशिरा कळले. शस्त्रक्रियेनंतर दीड-दोन महिने कोणी जड काम सांगत नाही आणि नवरा जवळ येत नाही. ज्या घरात बाईला ‘आज मी थकले आहे’ किंवा ‘मला दुखते’ असे म्हणायची मुभा नसते, तिथे शस्त्रक्रिया हे विश्रांतीचे एकमेव मान्य कारण उरते. तुमच्याबाबतीत असेच आहे, असे मी म्हणत नाही. तुम्ही स्वतःशी एकदा तपासून पाहावे, इतकीच माझी विनंती आहे, कारण तसे असेल तर पिशवी काढूनही प्रश्न जागेवरच राहील.

आता रक्तस्रावाकडे येते, कारण तुमच्या तक्रारींपैकी तातडीची हीच आहे. ‘जास्त जाते’ हे मोजल्याशिवाय कळत नाही. मी बायकांना घरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणा करायला सांगते, पाळी आली त्या दिवसापासून रोज किती पॅड बदलले तेवढ्या उभ्या रेघा, आणि गाठ पडली तर गोल. मागच्या वर्षी एका बाईने दिनदर्शिकेची तीन पाने फाडून, घडी घालून आणली होती. पहिल्या पानावर आठ दिवस रेघांची दाटी होती, दुसऱ्या दिवशी अकरा रेघा आणि चार गोल, आणि त्याच चौकटीत बारीक अक्षरांत ‘रात्री तीनदा उठले’ असे लिहिलेले. त्या तीन पानांनी मला सोनोग्राफीपेक्षा जास्त सांगितले. साधारण हिशेब असा धरावा की, पाळी २४ ते ३८ दिवसांनी येणे आणि आठ दिवसांच्या आत थांबणे हे सामान्य आहे. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणे, रात्री उठावे लागणे, किंवा पाळीमुळे रोजची कामे अडणे हे उपचार घेण्याजोगे आहे. सलग काही तास दर तासाला पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, बसल्याजागी छातीत धडधडत असेल, तर माझे हे उत्तर बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

जास्त जाण्याची कारणे अनेक आहेत आणि ती ओळखल्याशिवाय उपचार ठरत नाही. गर्भाशयाच्या आत मांसाचा लहान अंकुर असू शकतो, ज्याला पॉलिप म्हणतात. फायब्रॉइडची, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंची साधी, गाठ असू शकते. त्यातही गाठ किती मोठी यापेक्षा ती कुठे आहे याला जास्त महत्त्व असते, कारण अस्तराच्या आत डोकावणारी दोन सेंटिमीटरची गाठ खूप रक्त घालवते आणि बाहेरच्या बाजूला असलेली पाच सेंटिमीटरची गाठ कधी जाणवतही नाही. गर्भाशयाचे अस्तर स्नायूंच्या भिंतीत शिरून भिंत जाड होणे, म्हणजे ॲडिनोमायोसिस, हे तुमच्या वयात बऱ्यापैकी आढळते. त्यात जास्त जाते, पाळीत ओटीपोटात कळा येतात आणि गर्भाशय खरोखर मोठे होते. याखेरीज थायरॉइड कमी काम करणे, बीज वेळेवर न सुटणे, रक्त गोठण्याचा जन्मजात दोष, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ही कारणे गर्भाशयाबाहेरची आहेत. आपल्याकडचे एक खास कारण मी नेहमी विचारते. गौरी-गणपती, लग्नकार्य, देवदर्शन यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून आणून वारंवार घेतल्या आहेत का? त्या गोळ्यांनी पाळीचा क्रम बिघडतो आणि मग त्या बिघाडालाच रोग समजले जाते. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेमुळे पाळी वाढली, अशी समजूत मात्र मनातून काढून टाकावी. त्या शस्त्रक्रियेत बीजवाहिन्या बंद होतात. पाळी चालवणारे बीजकोश, म्हणजे अंडाशय, आणि गर्भाशय जागच्या जागी तसेच काम करत राहतात.

म्हणून पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, गरज वाटल्यास रक्त गोठण्याची तपासणी आणि नीट वाचलेली सोनोग्राफी एवढे मी करते. नीट वाचलेली म्हणजे गर्भाशय किती सेंटिमीटर, अस्तर किती मिलिमीटर, गाठ असल्यास कुठे, हे आकड्यांत लिहिलेली. वय ४५ च्या पुढे असेल, किंवा त्याआधीही वजन जास्त, मधुमेह, वर्षानुवर्षे अनियमित पाळी अशी जोखीम असेल, किंवा औषधांनी फरक पडत नसेल, तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवते. त्या तुकड्याचा रिपोर्ट हातात नसताना ‘कॅन्सर होईल’ असे म्हणण्याला आधार नसतो.

गंभीर कारण नाही हे कळले की औषधांनी सुरुवात होते. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांपुरत्या घ्यायच्या, रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या आणि सोबत दुखणे कमी करणारी मेफेनॅमिक ॲसिडची गोळी एवढ्यावर बऱ्याच जणींचे भागते. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल तर यातील पहिली गोळी देता येत नाही, म्हणून ती परस्पर घेऊ नये. दुसरा उपाय म्हणजे गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन. बोलताना आम्ही त्याला हार्मोनची तांबी म्हणतो, पण त्यात तांबे नसते. ते पाच वर्षे हळूहळू औषध सोडते, अस्तर पातळ ठेवते आणि बहुतेक जणींचा रक्तस्राव सहा महिन्यांत खूप कमी होतो. साधे तांब्याचे साधन बसवून पाळी वाढते, याच्या नेमके उलट. पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग पडतात, आणि हे आधी न सांगितल्यामुळे कित्येक जणी ‘तांबी लागू पडली नाही’ म्हणून ते काढून टाकतात. किंमत काही हजारांत आहे. शस्त्रक्रिया, औषधे आणि बुडालेली मजुरी यांच्या तुलनेत ती कमीच पडते. माझ्या अनुभवात पिशवी काढायला आलेल्या ज्या बायकांना हे साधन बसवले, त्यांतील मोठ्या संख्येला शस्त्रक्रियेची गरज उरली नाही.

यासोबत रक्त भरून काढणे तितकेच महत्त्वाचे आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो आहे. आठ हिमोग्लोबिन असलेल्या बाईची कंबर दुखते, पिंढऱ्या ओढतात, दम लागतो, चिडचिड होते, आणि रात्री तिला कोणाचा स्पर्शही नकोसा होतो. हे सगळे ती पिशवीच्या नावावर मांडते आणि आम्हीही कधीकधी तसेच मांडू देतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्यावी. पोटात मळमळ होत असेल तर एक दिवसाआड घेतली तरी चालते, आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी तीन महिने चालू ठेवावी. गोळी सोसत नसेल किंवा रक्त फारच कमी असेल तर शिरेतून लोह देता येते.

पांढरे जाण्याबद्दल थोडक्यात सांगते. दोन पाळ्यांच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखा, वास नसलेला स्राव येणे हे शरीराचे नेहमीचे काम आहे आणि त्याने ‘हाडे झिजत’ नाहीत. दह्याच्या गाळासारखा स्राव आणि खाज असेल तर बुरशी, माशासारखा वास असेल तर जिवाणूंचे संतुलन बिघडलेले, आणि हिरवट फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाचा संसर्ग, असा ढोबळ अंदाज असतो. या तिसऱ्या प्रकारात नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, नाहीतर बाई बरी होते आणि पुन्हा आजारी पडते. जिल्हा रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये या तपासण्या आणि औषधे मोफत मिळतात. आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुणे पूर्ण बंद करावे. त्याने चांगले जिवाणू मरतात आणि स्राव वाढतो.

तुमच्या मनात बसलेली कॅन्सरची भीती मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण त्याच भीतीपोटी अशा निर्णयाला होकार दिला जातो. गर्भाशयमुखाचा कॅन्सर आपल्याकडे आहे आणि तो गंभीर आहे. पण त्याच्या आधीची अवस्था अनेक वर्षे टिकते आणि ती साध्या तपासणीत दिसते. तपासणी कशी होते ते सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. तुम्ही पाय वाकवून झोपता, आम्ही योनिमार्गात स्पेक्युलम नावाचे उपकरण हलक्या हाताने उघडतो, समोर गुलाबी, गोलसर, मध्ये बारीक छिद्र असलेले गर्भाशयमुख दिसते. त्यावर आम्लाचे सौम्य द्रावण कापसाने लावतो. घरातल्या व्हिनेगरसारखाच वास येतो. एक मिनिट थांबतो. निरोगी भाग गुलाबीच राहतो, आणि बदल झालेला भाग चुन्याच्या ठिपक्यासारखा ठळक पांढरा दिसतो. एवढेच. ३० ते ६५ या वयात दर पाच वर्षांनी ही तपासणी सरकारी कार्यक्रमात होते. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, त्या एचपीव्हीची तपासणी याहून अचूक आहे. तिचा जगाला मिळालेला एक मोठा पुरावा आपल्याच उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातून आला. तिथे १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीत पांढरा डाग निघाला तरी बहुतेकदा तेवढाच भाग गोठवून किंवा कापून काढता येतो. संबंधांनंतर रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त स्राव, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे ही लक्षणे असतील, तर मात्र एक आठवडाही थांबू नये.

कंबरदुखीचे कारण गर्भाशय असण्याची शक्यता सर्वांत कमी असते. पाळीच्या दिवसांतच दुखत असेल तर संबंध मानावा. महिनाभर दुखत असेल तर रक्तक्षय, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, पाण्याच्या कळशा, वाकून केलेली कामे आणि बाळंतपणानंतर कधीच न सावरलेले पोटाचे स्नायू यांच्याकडे पाहावे. पिशवी काढून कंबरदुखी थांबली नाही म्हणून परत आलेल्या बायका मी इतक्या पाहिल्या आहेत की, केवळ कंबरदुखीसाठी ही शस्त्रक्रिया मी कधीच करत नाही.

आणि आता तुमची शेवटची ओळ. संबंधांच्या वेळी दुखणे ही तक्रार आहे, लाजेची बाब नाही आणि बाईच्या नशिबाचा भागही नाही. मी पहिल्यांदा एकच विचारते की, सुरुवातीलाच दुखते की आत खोलवर दुखते. सुरुवातीला जळजळ किंवा ओरखडल्यासारखे होत असेल तर कोरडेपणा, संसर्ग, जुन्या टाक्यांची ओढ, किंवा भीतीने योनिमार्गाचे स्नायू आपोआप आवळले जाणे ही कारणे असतात. खोलवर दुखत असेल तर ॲडिनोमायोसिस, एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे), ओटीपोटातील संसर्ग, बीजकोशातील गाठ आणि अगदी बद्धकोष्ठतासुद्धा पाहावी लागते. यांतील खोलवरच्या काही कारणांत गर्भाशयाचा वाटा असतो. सुरुवातीच्या दुखण्यात तो जवळपास नसतोच, आणि ते दुखणे पिशवी काढून थांबत नाही. उलट पाळी जाण्याच्या वयाआधी बीजकोशही काढले गेले तर कोरडेपणा वाढतो आणि दुखणे आधीपेक्षा जास्त होते.

कोरडेपणा का येतो, याचे उत्तर पुष्कळदा शरीरात नसून दिवसाच्या धावपळीत असते. शरीर तयार व्हायला वेळ लागतो. पहाटे पाचला उठलेली, रात्री अकराला भांडी आवरून आलेली बाई, पलीकडच्या खोलीत जागी असलेली मोठी मुले, आणि दोन मिनिटांत उरकायची घाई, अशा स्थितीत ओलावा येईल कसा? मग दुखते, दुखेल या भीतीने पुढच्या वेळी स्नायू आणखी आवळतात, त्यामुळे आणखी दुखते, आणि काही महिन्यांत इच्छा उरत नाही. याला थंडपणा म्हणणे अन्यायाचे आहे. हे चक्र तोडायला मी जोडप्याला काही आठवडे प्रत्यक्ष संबंध थांबवायला सांगते. जवळ यावे, बोलावे, स्पर्श असावा, पण त्यापुढे जायचे नाही, असे दोघांनी ठरवूनच. या काळात संसर्गाचा उपचार होतो, रक्त सुधारते, आणि बाईला श्वास सोडत ते स्नायू सैल करण्याचा सराव शिकवता येतो. पुन्हा सुरुवात करताना पाण्यावर आधारित वंगण वापरावे. खोबरेल तेलही चालते; मात्र निरोध वापरत असाल तर तेल नको, निरोध फाटतो. थायरॉइड, मनाचे औषध, रक्तदाबाची काही औषधे यांनीही इच्छा कमी होते, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. दोन-तीन आठवडे मन सतत उदास राहत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर त्याचा उपचार वेगळा आणि आधी करावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

नवऱ्याला कसे सांगावे, हा तुमचा उपप्रश्न आहे. दुखण्याच्या क्षणी किंवा भांडणात सांगू नये. दिवसा, शांतपणे, ‘तुम्ही नकोत असे नाही, पण मला दुखते आहे आणि डॉक्टरांनी दोघांना बोलावले आहे,’ असे सांगावे. डॉक्टरांचे नाव पुढे केल्याने पुष्कळ घरांत बोलणे सोपे होते, आणि माझे नाव अशा कामी वापरले गेले तर मला आनंदच आहे. बहुतेक नवऱ्यांना आपल्यामुळे बायकोला दुखते हे ठाऊकच नसते. सांगितल्यावर ते खरोखर ओशाळतात आणि बदलतात. नकार दिल्यावर मारहाण किंवा जबरदस्ती होत असेल, तर तो प्रश्न वैद्यकीय राहत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात लैंगिक छळाचा स्पष्ट समावेश आहे आणि १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे.

तेव्हा माझा क्रम असा राहील. आधी रक्त तपासणे आणि भरून काढणे, त्याच भेटीत गर्भाशयमुखाची तपासणी, स्रावावर उपचार, मग तीन ते सहा महिने औषध किंवा हार्मोनचे साधन, आणि या काळात दुखण्यावर दोघांनी मिळून काम करणे. एवढे करूनही रक्तस्राव आटोक्यात आला नाही, मोठ्या गाठी असल्या, ॲडिनोमायोसिसने महिन्यातले दहा दिवस वाया जात असले, अस्तरात किंवा तोंडाशी कॅन्सरपूर्व बदल सापडले, तर पिशवी काढणे हा चांगला उपचार आहे आणि तेव्हा तुम्ही कसलाही अपराधभाव न बाळगता तो घ्यावा. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर कारण लेखी मागावे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, आणि ‘बीजकोश ठेवणार का’ हे संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारावे. निरोगी बीजकोश तुमच्या वयात ठेवायलाच हवेत. ते काढले तर ३७ व्या वर्षी एका दिवसात पाळी जाण्याची अवस्था येते, अंगातून वाफा निघतात, हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जाऊबाईंची शस्त्रक्रिया कशासाठी झाली होती आणि त्यांचे बीजकोश ठेवले आहेत का, हेही जमल्यास त्यांच्या कागदपत्रांत पाहा. त्यांच्यासाठीही ते महत्त्वाचे आहे.

तपासणीला पाळी थांबल्यावर चार-पाच दिवसांनी जावे, जुने सगळे रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटे आणि दिनदर्शिकेची पाने सोबत न्यावीत. जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात, ते आशाताईंना ठाऊक असते. संबंधांच्या दुखण्याविषयी तोंडाने सांगता येणार नाही असे वाटत असेल, तर ते लिहून न्या. दिनदर्शिकेची ती तीन पाने आणणाऱ्या बाईने तसेच केले होते. तिसऱ्या पानाच्या घडीत एक चिठ्ठी होती, तीत एकच वाक्य होते, आणि चिठ्ठी माझ्या हातात देऊन ती बाई खिडकीकडे पाहत बसली. मी चिठ्ठी वाचून केसपेपरला टाचली, दार लावून घेतले, बाहेरच्या रांगेला अर्धा तास थांबायला सांगितले आणि तिला विचारले, ‘सुरुवातीलाच दुखते, की आत?’